खाडा कुणाच्या नावावर?

प्रिय पोरी,

चेहरा ओळखून हजेरी लावणाऱ्या यंत्रणेचं काम तुझ्या टीमकडे आलंय आणि तुला झोप लागत नाही, हे वाचलं. नोकरी सोडून आमच्या संघटनेत येऊ का, की स्मार्टफोनच टाकून देऊ, असं विचारतेस. दोन्ही तूर्तास बाजूला ठेव. यंत्र चुकलं तर रिकाम्या हातानं घरी कोण जातं, एवढंच विचार. मी प्रत्येक बैठकीत हेच विचारते आणि लोक कंटाळतात. कंटाळू देत.

रेशनचं घे. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अंत्योदयाच्या, म्हणजे सगळ्यात गरीब, घराचा महिन्याला 35 किलो धान्यावर हक्क झाला. पुढे दुकानात अंगठ्याचा ठसा घेणारं ई-पॉस मशीन आलं. आवणी करून, वीटभट्टीवर राबून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, तिचा अंगठा त्यावर जुळत नाही. कधी रेंज नसते, कधी सर्व्हर बंद. चूक यंत्राची, हेलपाटा तिचा, बुडालेली मजुरीही तिचीच. अंगठा जुळला नाही तरी धान्य द्या, वेगळ्या वहीत नोंद करा, असं केंद्रानं ऑक्टोबर 2017मध्ये राज्यांना लेखी कळवलं होतं. तोडगा होता गं! पण हे तिला दुकानात सांगणार कोण?

रोजगार हमीवर तेच झालं. मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो ॲपवर चढवायची सक्ती जानेवारी 2023पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडून, सगळ्या कामांना लागू झाली. फोटो चढला नाही की खाडा. खणलेला चर समोर दिसतोय, तरी खाडा.

"पण ताई, भ्रष्टाचार तर थांबतो ना?" असं तू लिहिलंस, तिथे मला राग आला. खोटी हजेरी मांडायचं कोण? मजूर? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994पासून जनसुनवाया घेतल्या, हजेरीपत्रकं गावासमोर मोठ्यानं वाचली, आणि खोट्या नोंदी लोकांनीच पकडल्या. 2005च्या माहिती अधिकार कायद्यामागे ती लढाई आहे. 2019मध्ये राजस्थानात जन सूचना पोर्टल सुरू झालं. योजनांची माहिती अर्ज न करता कुणीही बघावी म्हणून. तेही तंत्रज्ञानच. फरक इतकाच की तिथे हिशेब सरकारनं लोकांना द्यायचा असतो.

आम्हाला यंत्रविरोधी म्हणतात. मी अजून कागदी वही ठेवते, दुकानातून कोण कधी परत गेलं त्याची. पोरं म्हणतात, एक्सेलमध्ये भरा. भरीन. पण बाई वहीवर बोट ठेवून म्हणते, हे माझं नाव, आणि तहसीलदारासमोर तीच बोलते. म्हणून वही सोडणार नाही. खंत एकच आहे: मशीन बसवण्याआधी ग्रामसभेला विचारा, ही मागणी आम्हाला शेवटपर्यंत लावून धरता आली नाही. माणसं कमी पडली.

नोकरी लगेच सोडू नकोस. तुझ्यासारखी त्या खोलीत बसलेली आम्हाला कुठे मिळते? तिथे विचार: चेहरा जुळला नाही तर जागेवर हजेरी मांडायचा अधिकार कुणाला? नाकारलेल्याला कारण लिहिलेली मराठी पावती मिळणार का? बुडालेला दिवस कोण भरून देणार? उत्तरं लेखी माग. मिळाली नाहीत तर त्या कामावर सही करू नकोस, मग नोकरीचं बघू. आणि कुणी म्हणालं, असे प्रसंग अगदी थोडे असतात, तर त्या थोड्यांची यादी माग. नावानिशी.

तुझी,
ताई