वरातीत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना दारू पाजतात. घरच्यांनी काय करावं?

पोराशी भांडण्याआधी पाजणाऱ्याला गाठा. बहुतेकदा तो नवरदेवाचा मित्र किंवा चुलतभाऊच असतो. डीजेच्या गाडीमागे कोल्ड्रिंकच्या बाटलीत क्वार्टर ओतून फिरवतात, त्यामुळे लांबून कळत नाही. हळदीच्या आधीच नवरदेवाच्या वडिलांना चार जणांसमोर सांगा: महाराष्ट्रात बिअरला २१, व्हिस्की-रमला २५ वर्षं लागतात, आणि अठराच्या आतल्याला दारू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. ‘पोलिसात देतो’ म्हणायची गरज सहसा पडत नाही. लग्नघरी तेवढं पुरतं.

पोरगा पिऊन आलाच, तर आधी गाडीची किल्ली काढून घ्या. रात्री मारझोड नको, पुढच्या वेळी तो मळ्यातच झोपेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. कुशीवर झोपवा, कोणीतरी जवळ बसा. लिंबूपाणी, गार अंघोळ यांनी दारू उतरत नाही. हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर १०८ लावा. बोलणं सकाळी, चहा झाल्यावर. आणि पहिला प्रश्न ‘का प्यायलास’ नव्हे, ‘कोणी दिली’.