शरीरातील औषधप्रतिरोधक जंतू उपचाराने घालवता येतात का?

आपल्या वडिलांच्या गुदद्वारातील स्वॅबमध्ये कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आढळले, त्रास मात्र काहीच नाही. तरीही ते जंतू घालवण्याच्या उपचाराच्या चाचणीत त्यांनी सहभागी व्हावे का, असे आपण विचारले आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे या प्रश्नावर मला गप्प राहवत नाही.

आमच्या रुग्णालयातील एका वरिष्ठ डॉक्टरांची ठाम समजूत होती की तोंडावाटे कोलिस्टिन हे प्रतिजैविक दिले की आतडे स्वच्छ होते. एका रुग्णाचा कोर्स संपता संपता त्यांनी स्वॅब पाठवला आणि अहवाल निगेटिव्ह येताच त्याचे विलगीकरण उठवले. तो स्वॅब मीच हाताळला होता. त्याचे टोक पांढरेशुभ्र होते, विष्ठेचा पुसटसा डागही नव्हता. अशा नमुन्याची प्लेट, म्हणजे जंतू वाढवण्याची बशी, कोरी राहिली म्हणून आतड्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. शिवाय औषध पोटात असताना जंतू नष्ट न होता नुसते दबलेलेही असू शकतात. नमुना पुन्हा पाठवावा, असे मी लेखी कळवले, तेव्हा प्रयोगशाळेने उपचार शिकवू नयेत, असे उत्तर आले. पुढे त्याच रुग्णाच्या लघवीच्या नमुन्यातून मॅकॉन्की प्लेटवर क्लेब्सिएला या आतड्यात राहणाऱ्या जंतूच्या गुलाबी, चिकट वसाहती उगवल्या आणि तपासणीत प्रतिरोधही तोच निघाला.

तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नसेल, तर जंतू घालवल्याचा कोणताही दावा मी मानत नाही, कारण अनेकांच्या आतड्यातून ते काही महिन्यांत आपोआप ओसरतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिरोधक जंतू अंगी बाळगणाऱ्या 39 जणांच्या एका चाचणीत कोलिस्टिन व निओमायसिन ही प्रतिजैविके आणि त्यानंतर निरोगी दात्याच्या विष्ठेतील जंतू दिलेल्यांपैकी 41 टक्के निगेटिव्ह झाले, पण काहीही न दिलेल्यांपैकीही 29 टक्के झाले. एवढ्या लहान चाचणीत हा फरक योगायोगानेही पडू शकतो. दुसरा गट नसता, तर ते 41 टक्के यश म्हणून मिरवले गेले असते.

त्वचा व नाकातील एमआरएसए या प्रतिरोधक स्टॅफिलोकोकस जंतूची गोष्ट वेगळी आहे. तेथे नाकात लावायचे म्युपिरोसिन मलम व क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने संसर्ग खरोखरच घटल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे.

चाचणीत तुलनेचा गट असेल आणि कोर्स संपल्यावर बराच काळ पुन्हा पुन्हा नमुने घेणार असतील, तर अवश्य विचार करावा. दात्याच्या विष्ठेची प्रतिरोधक जंतूंसाठी तपासणी होते का, हेही विचारावे. ती न झाल्याने 2019 मध्ये अमेरिकेत एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. वडिलांची केमोथेरपी किंवा अवयवरोपण ठरले असेल, तर मात्र हिशेब बदलतो आणि तो त्यांच्या डॉक्टरांनीच मांडायला हवा.