मदतसंस्थेच्या कामासाठी दोन वर्षं दक्षिण मलावीत जातोय. रुळायला किती दिवस लागतात, सोबत काय न्यावं?

सामानाचं शेवटी सांगतो. मी मार्च २०१७ मध्ये गेलो आणि ऑगस्टपर्यंत पाहुणाच राहिलो.

मी लातूरकडचा, घरची तूर. माचिंगा जिल्ह्यात माझं कामही तुरीचंच होतं. तिथे तिला नांदोलो म्हणतात, मक्याच्या ओळींत पेरतात आणि बराचसा माल भारतात येतो. आमच्या प्रमुखांचा नियम होता: माहिती भरून घ्या, घरचं बोलू नका, चारला गाडीत बसा. मी तो पाळला. गेलो की पहिला प्रश्न एकरांचा. लोक उत्तरं द्यायचे, त्यापुढे एक शब्द नाही.

ऑगस्टमध्ये, ऐन काढणीत, भारताने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. भाव कोसळला, व्यापारी गावात फिरकेनात. एका सकाळी बाहेरून आवाज आला, "ओडी!" तिथे दार वाजवत नाहीत, ओडी म्हणतात, आतून ओडीनी म्हणायचं. शेतकरी गटातल्या एक वयस्क बाई होत्या. कमरेला गुंडाळलेल्या कापडाची, चितेंजेची गाठ सोडून त्यांनी मूठभर नांदोलो माझ्या तळहातावर ठेवली. रागात होत्या, तरी देताना डावा हात उजव्या कोपराला लावलेला, मानाने. "तुमच्याकडे हे खातात ना? मग नको का म्हणाले?"

मी नियम मोडला. सहकाऱ्याला मध्ये घेऊन सगळं सांगितलं. आमच्याकडे यंदा अमाप तूर झाली, हमीभाव ५,०५० रुपये क्विंटल, पण खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून काटा बंद. एप्रिलमध्ये माझे अण्णा नऊ रात्री ट्रॅक्टरखाली झोपले. आमच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून तुमचा माल अडवला. बाईंनी अण्णांचं वय विचारलं. मग म्हणाल्या, "पेपानी." वाईट झालं, असं. स्वतःची तूर घरात पडून, आणि त्या माझ्या बापासाठी हळहळत होत्या.

त्या आठवड्यापासून मला घरोघरी बोलावणं येऊ लागलं. प्रमुखांनी समज दिली, अंतर ठेवा म्हणून. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. आपण कोणाच्या घरचे हे जो सांगत नाही, त्याला लोकांनी आपलं नुकसान का सांगावं? आणि एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर तूर वाढवा, हे आम्हीच त्यांना सांगितलं होतं. वार्षिक अहवालात त्याची एक ओळ नाही. यावर मी भांडलो आणि पुन्हा भांडेन.

म्हणून "मुली ब्वांजी?" (कसे आहात?) आणि "न्दिली ब्विनो, काया इनु?" (मी बरा आहे, तुम्ही?) एवढं विमानातच पाठ करा. विचारपूस झाल्याशिवाय कामाचं काढू नका. जानेवारी-फेब्रुवारीत घरोघरचा मका संपत आलेला असतो, तेव्हा कोणाकडे जेवायला थांबू नका. ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा, उद्यावर टाकू नका. हे सगळं मलावीपुरतं, तिथे शांतता आहे. पुढे लढाई चालू असलेल्या देशात बदली झाली तर सुरक्षेचे नियम काटेकोर पाळा.

न्यायचं म्हणाल तर कुकरच्या दोन रिंगा, चांगली बॅटरी (वीज फार जाते) आणि घरच्या शेताचा एखादा फोटो. तूरडाळ नेऊ नका, ब्लँटायर शहराच्या लिंबे भागात मिळते.