वाचकांचे प्रश्न : एजंटकडे लागलेलं घर आणि करार पुढे विकण्याचा व्यवहार

प्रश्न : आम्ही टेक्सासात डॅलसजवळ प्लेनोला राहतो, ग्रीन कार्ड आहे. एमएलएसवर (एजंटांच्या सामायिक यादीवर) एजंटमार्फत विक्रीला लागलेल्या घरावर ऑफर देऊन तो करार गुंतवणूकदाराला विकता येतो का? एक एजंट म्हणतो, चालत नाही. दुसरा म्हणतो, सर्रास चालतं.

उत्तर : चालतं. गावाकडे जमिनीला इसार देऊन साठेखत करतात आणि खरेदीखत तिसऱ्याच्याच नावे होतं, तसाच हा व्यवहार आहे. करारातला हक्क विकायला टेक्सासात लायसन्स लागत नाही, २०१७ पासून कायद्यात तशी तरतूद आहे. मात्र तुम्ही मालक नाही, तुमच्याकडे फक्त कराराचा हक्क आहे, हे पुढच्या खरेदीदाराला सांगितलंच पाहिजे. ते न सांगता विकलंत तर ती विनापरवाना एजंटगिरी ठरते. आमचा आग्रह असा की मालकालाही ऑफरबरोबरच लेखी कळवा आणि खरेदीदाराच्या रकान्यात नावापुढे ‘अँड/ऑर असाइन्स’ (किंवा मी ज्याला हक्क देईन तो) लिहा. सही झाल्यावर मालकाला हे कळलं की बोलणी तिथेच फिसकटतात.

अडतं ते हिशेबात. दुरुस्तीनंतर घर ३ लाख डॉलरला जाईल असं धरा. गुंतवणूकदार त्याचे ७० टक्के, म्हणजे २ लाख १० हजार धरतो आणि त्यातून दुरुस्तीचे ४५ हजार वजा करतो. राहिले १ लाख ६५ हजार. करार पुढे विकण्याची तुमची फी १० हजार असेल तर ऑफर १ लाख ५५ हजारांच्या वर जाऊ शकत नाही. तेच घर एजंटने २ लाख २० हजारांना लावलेलं असतं आणि कमिशनही मालकाच्याच पैशातून जायचं असतं. म्हणून नव्या, चकचकीत लिस्टिंगवर (विक्रीला लागलेल्या घरावर) वेळ घालवू नका. दोन-तीन महिने पडून असलेली, करार मोडून पुन्हा बाजारात आलेली आणि शेऱ्यात ‘कॅश ओन्ली’ असलेली घरं बघा. ‘कॅश ओन्ली’ म्हणजे बहुधा घराच्या अवस्थेमुळे बँक कर्ज देत नाही.

दुरुस्तीचा अंदाज रंग आणि कार्पेटवरून काढू नका. उत्तर टेक्सासातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराच्या पायाचा काँक्रीटचा स्लॅब हलतो. दारं चौकटीत अडकतात का, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात का, ते पाहा. जुन्या घरांत स्लॅबखालचे ड्रेनेजचे पाइप बिडाचे असतात, ते आतून गंजून फुटतात. पाइप गळतात का हे पाणी भरून पाहण्याची हायड्रोस्टॅटिक टेस्ट करायला मालकाची वेगळी लेखी परवानगी लागते. हा खर्च तुमच्या नजरेतून सुटला तरी गुंतवणूकदाराच्या सुटत नाही. तो तेवढीच किंमत पाडून मागतो आणि तुमची फी त्यातच जाते.

आता मुदती. टेक्सासच्या छापील करारात ऑप्शन पिरियड घेता येतो. थोडी फी भरून ठरलेल्या दिवसांत कोणत्याही कारणाने करार सोडता येतो आणि अर्नेस्ट मनी (इसाराची रक्कम) परत मिळतो, ऑप्शन फी मात्र मिळत नाही. दोन्ही रकमा करार लागू झाल्यापासून तीन दिवसांत टायटल कंपनीकडे (मालकी तपासून खरेदी पार पाडणाऱ्या कंपनीकडे) पोचल्या पाहिजेत. ऑप्शन फी वेळेत पोचली नाही तर करार सोडण्याचा हा हक्कच राहत नाही. नवखे लोक आणखी एका जागी फसतात. पैसे भरायचा शेवटचा दिवस शनिवार-रविवारी आला तर तो पुढे सरकतो, ऑप्शनचा सरकत नाही. रविवारी मुदत संपत असेल तर सोडल्याची नोटीस रविवारी संध्याकाळी पाचच्या आत गेली पाहिजे.

याच दिवसांत गुंतवणूकदार पक्का करायचा असतो. त्याला घर दाखवायला लिस्टिंग एजंटची वेळ घ्या. लॉकबॉक्सचा (दारावरच्या किल्लीच्या पेटीचा) कोड परस्पर देऊ नका आणि खरेदीदाराला ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून आत नेऊ नका. एजंटचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, त्यांचा कॉपीराइट दुसऱ्याचा असतो.

टायटल कंपनी असाइनमेंट (करार दुसऱ्याच्या नावे करणं) हाताळते का, हे ऑफर देण्याआधी विचारा. तुमची फी सेटलमेंटच्या, म्हणजे अंतिम हिशेबाच्या, कागदावर सगळ्यांना दिसते. ती मोठी असेल तर काही जण आधी स्वतः खरेदी आणि मग विक्री अशी दोन वेगवेगळी क्लोजिंग करतात, पण त्यात खर्च दुप्पट आणि पहिल्या खरेदीसाठी एका दिवसाचं महागडं कर्ज. टेक्सासात ट्रान्सफर टॅक्स (मालकी हस्तांतरावरचा कर) नाही, एवढाच दिलासा.

आणि खरेदीदारांची यादी हातात नसताना करार करू नका. तुम्ही शेवटच्या दिवशी सोडून जाता, पण त्या घरावर ‘पुन्हा बाजारात’ असा शिक्का बसतो. पुढचा प्रत्येक जण घरात काय खोट आहे ते विचारतो. हप्ते थकलेल्या मालकाचं यात खरंच नुकसान होतं.

प्रश्न : बँकेने जप्त केलेली घरं याच पद्धतीने घेता येतील का?

उत्तर : सहसा नाही. बँक स्वतःचं जोडपत्र लावते आणि त्यात करार दुसऱ्याच्या नावे करायला मनाई असते. काही वेळा खरेदीनंतर ठरावीक दिवस पुनर्विक्रीवरही बंदी असते. शिवाय शेवटचा ग्राहक एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज घेणारा असेल, तर विकणाऱ्याने घर घेऊन ९० दिवस होण्याआधी केलेल्या करारावर ते कर्ज मिळत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. पेनसिल्व्हेनियातली घरं शोधून असं काही शनिवार-रविवारी करता येईल का?

उत्तर : करू नका. ज्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज केला, तिच्याच कामाची तुम्हाला परवानगी आहे. घर विकत घेऊन भाड्याने देणं ही गुंतवणूक धरली जाते. इथे मात्र घर शोधणं, घासाघीस करणं, खरेदीदार आणणं आणि फी घेणं हे सरळ कामच आहे. ही फी धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, त्यावर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही लागतो, म्हणजे तुमचं टॅक्स रिटर्नच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतं. पत्नीकडे एच-४ ईएडी (जोडीदाराच्या व्हिसावरचा कामाचा परवाना) असेल तर ती स्वतःचा व्यवसाय करू शकते, पण काम खरोखर तिनेच केलेलं हवं. पेनसिल्व्हेनियात मात्र जानेवारी २०२५ पासून या व्यवहाराला रिअल इस्टेटचं लायसन्स लागतं, त्यामुळे तिलाही आधी ते काढावं लागेल. दोन्ही बाबतींत सही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.