बालविकास आणि रसायनशास्त्र एकाच सत्रात घेताना

दोन्ही विषय एकत्र घेतलेस ते चांगलंच केलंस, पण दोन्हींचा अभ्यास एकाच पद्धतीने करू नकोस. रसायनशास्त्राला रोज थोडा वेळ द्यावाच लागतो. सगळ्यात आधी मोल, म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक, पक्का कर, पुढची बरीचशी गणितं त्यावरच उभी असतात. ३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल? पाण्याचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वस्तुमान, साधारण १८ ग्रॅम प्रति मोल, म्हणून ३६ ÷ १८ = २ मोल. प्रत्येक पायरीला एकक लिही. ग्रॅमला ग्रॅम कटला नाही, तर मांडणी चुकली हे तिथेच कळतं. आणि सोडवलेलं उदाहरण वाचून समजलं म्हणजे गणित आलं असं धरू नकोस. वही मिटून पुन्हा सोडव.

बालविकास सोपा, असं तुला बरेच जण सांगतील. ऐकू नकोस. मुलांची विचारशक्ती कशी वाढते ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ पियाजेचे टप्पे, मूल आणि त्याला सांभाळणाऱ्यातल्या भावनिक बंधाबद्दलचा बोल्बीचा अटॅचमेंट सिद्धांत पाठ होतीलही, पण खरा कस लागतो तो निरीक्षणाच्या नोंदीत. ‘मूल चिडलं’ हा तुझा अंदाज झाला. ‘ठोकळा दोनदा खाली टाकला, मग पाठ फिरवून बसलं’ ही नोंद. अंदाज वेगळ्या रकान्यात लिही. मुलाचं खरं नाव मात्र वहीत कुठेही नको.

आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगाचा अहवाल त्याच संध्याकाळी लिहून टाक.