मामेभावाच्या क्रेटाची चाकं आमच्या ब्रेझाला बसतील का?

प्रश्न : काका, आमच्याकडे 2022 ची ब्रेझा आहे. कंपनीची अलॉय चाकं आणि 215/60 आर 16 चे टायर. मामेभावानं त्याच्या क्रेटाला नवी चाकं घेतली आणि जुनी 17 इंची अलॉय मला देऊ केली आहेत, 215/60 आर 17 टायर आणि नटांची पिशवी सगळं मिळून. कॉलनीतल्या टायरवाल्यानं एक चाक लावून बघितलं, पाचही भोकं बरोबर जुळली. ‘बेधडक लावा’ म्हणाला. दिवाळीत आईबाबांना घेऊन ओंकारेश्वरला जायचं आहे. लावू ना?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आहेत तशी लावू नका. आणि ती नटांची पिशवी आजच मामेभावाला परत द्या.

भोकं जुळली हे खरं आहे. दोन्ही गाड्यांचा पीसीडी एकच, 5×114.3. म्हणजे पाचही स्टडच्या (ज्यांच्यावर नट बसतात त्या बोल्टच्या) मध्यातून वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास 114.3 मिलिमीटर. टायरवाल्यानं तपासलं ते एवढंच. चाक गाडीला बसतं की नाही, हे त्यानंतर सुरू होतं.

आधी नट. ब्रेझाचा, म्हणजे सुझुकीचा स्टड 12 मिलिमीटर जाडीचा, आटे 1.25 चे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर. क्रेटाचा, म्हणजे ह्युंदाईचा स्टडही 12 चाच, पण आटे 1.5 चे. दोन्ही नट तळहातावर ठेवले तर फरक ओळखू येत नाही. ह्युंदाईचा नट सुझुकीच्या स्टडवर बोटानं एखाद-दोन फेरे जातो आणि अडतो. तो अडला की दुकानातला पोऱ्या काय करतो? इम्पॅक्ट गन, म्हणजे नट जोरानं फिरवणारं मशीन लावतो. नट आटे खात खात आत शिरतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि खरं तर कशालाच धरून नसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. वर्कशॉपात फोरमन होतो तेव्हा पावसाळ्यात एक कुटुंब खंडवा रोडवरून, सिमरोल घाट उतरून-चढून आलं. तक्रार एवढीच की डाव्या बाजूनं ‘कट्-कट्’ येतं. चाकाची टोपी काढली तर दोन स्टड तुटलेले, तिसरा नट माझ्या बोटांनी फिरला. चाकं दुसरीकडून आणलेली, नटही त्यांच्याबरोबर आलेले. मागच्या सीटवर लहान मुलाच्या चपला पडल्या होत्या. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून परका नट दिसला की तो आधी हातानं शेवटपर्यंत फिरवून बघतो. 12 च्या स्टडवर 1.25 चा नट निदान नऊ-दहा पूर्ण फेरे गेलाच पाहिजे, आणि तोही बोटांनी. तुम्ही तुमच्याच गाडीचे नट वापरायचे. फक्त नटाचं निमुळतं बूड रिममधल्या खाचेत पूर्ण टेकतं का, ते बघून घ्या.

आता मधलं मोठं भोक. ब्रेझाच्या हबचा (चाक ज्याच्यावर बसतं त्या गाडीकडच्या भागाचा) मधला उंचवटा 60.1 मिलिमीटरचा, क्रेटाच्या रिमचं मधलं भोक 67.1 चं. म्हणजे चाक हबवर सात मिलिमीटर सैल. ते कुठे मधोमध येईल, हे मग नट आवळणाऱ्याच्या नशिबावर. केसभर जरी सरकून बसलं तरी 80-90 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करत बसतात, कारण मशीनवर चाक अगदी बरोबर दाखवतं. इलाज स्वस्त आहे : बाहेरून 67.1 आणि आतून 60.1 ची हब रिंग, चार नग, शक्यतो ॲल्युमिनियमची. गाडीचं वजन ती रिंग पेलत नाही, ते काम आवळलेल्या नटांच्या दाबाचं. रिंग फक्त चाक मधोमध आणते.

या रिंगची एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा. पंक्चर झालं, चाक काढलं, आणि रिंग हबलाच चिकटून राहिली, तर तुमची मूळ स्टेपनी तिच्यावर बसणार नाही. स्टेपनीचं मधलं भोक 60.1 चंच आहे. अंधारात, घाईत माणूस नट आवळत राहतो आणि चाक हबला टेकलेलंच नसतं. स्टेपनी लावण्याआधी हबवरून हात फिरवा, रिंग असली तर काढून खिशात टाका.

तिसरी गोष्ट टायरची, आणि इथे हिशेब मांडतो म्हणजे पुढे तुम्हाला स्वतः करता येईल. 215 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 60 म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या 60 टक्के. 215 चे 60 टक्के 129. वर आणि खाली मिळून 258. त्यात 16 इंची रिमचे 406.4 मिळवले की तुमच्या आजच्या चाकाचा व्यास 664.4. मामेभावाच्या टायरचा : 258 अधिक 431.8, म्हणजे 689.8. एक इंच जास्त, टक्क्यांत 3.8. आमच्या धंद्यात तीन टक्के ही शेवटची रेघ मानतात, आणि मी स्वतः दोनच्या आत राहतो. या टायरांवर स्पीडोमीटरच्या त्याच आकड्याला गाडी आजच्यापेक्षा 3.8 टक्के जास्त पळेल. मडगार्डमधली फट अर्ध्या इंचानं कमी होईल. आणि पंक्चरनंतर एका बाजूला जुनी 664 ची स्टेपनी, दुसऱ्या बाजूला 690 चं चाक अशी गाडी चालवावी लागेल.

त्याच रिमवर 215/55 आर 17 घातला तर? 236.5 अधिक 431.8, म्हणजे 668.3. फरक जेमतेम अर्धा टक्का. जुनी स्टेपनीसुद्धा चालून जाईल. म्हणून मामेभावाचे टायर विकून टाका आणि 55 चे घ्या. घेताना आकाराच्या पुढचा आकडा वाचा. तुमच्या टायरवर 95 असेल तर तो टायर 690 किलो उचलतो. 94 चा 670 च उचलतो. दुकानदार ‘एका आकड्यानं काय होतं’ म्हणेल, तरी मूळ आकड्याच्या खाली जाऊ नका. आईबाबा, सामान, मागे डिकी भरलेली, हे वजन टायरला सोसायचं आहे.

रिमच्या आतल्या बाजूला इंचातली रुंदी (6 जे, 6.5 जे अशी) आणि ‘ईटी’ लिहून एक आकडा कोरलेला असतो. तो ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते. रिम रुंद झाली आणि ऑफसेट घटला की चाक बाहेर सरकतं. समजा 6 जे, ईटी 50 च्या जागी 7 जे, ईटी 40 लावलं, तर बाहेरची कड जवळजवळ 23 मिलिमीटर बाहेर येते, आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. तुमच्या आणि मामेभावाच्या रिमांवरचे आकडे कागदावर उतरवा. फरक दोन-चार मिलिमीटरचाच असेल तर पुढे जा. स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मधली चकती, घालून जुळवायच्या भानगडीत पडू नका, त्यानं नटाचे फेरे कमी होतात.

बसवताना नट चांदणीच्या आकारात, समोरासमोरचे आवळून घ्या, शेवट टॉर्क रेंचनं (ठरवलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. मग घरातली चार माणसं गाडीत बसवा आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, कॉलनीच्या स्पीडब्रेकरवरून हळू न्या. घासल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा. पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे, हे विसरू नका.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, म्हणून विमा कंपनीला चाकांचं पत्रानं कळवून उत्तर जपून ठेवा.

हे सगळं दिवाळीआधी उरकत नसेल तर ओंकारेश्वरला 16 इंचीवरच जाऊन या.

प्रश्न : बजेट दोनच नव्या टायरचं आहे. आमची लहान एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालते, झीजही पुढचीच जास्त. हे म्हणतात नवे पुढे लावू. बरोबर आहे का?
– एक वाचक, महू

उत्तर : ताई, नवे मागे लावा आणि मागचे पुढे आणा. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर पाण्यावर तरंगले तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. मागचे तरंगले तर गाडीचं शेपूट फिरतं, आणि ते भल्याभल्या ड्रायव्हरला आवरत नाही. मात्र पुढे आणलेल्या टायरची नक्षी खोबणीतल्या खुणेपर्यंत, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर आली असेल, तर तो कुठेच लावू नका, चारही बदला. नवे घेताना कडेचे चार आकडे वाचा. 3124 म्हणजे 2024 चा 31 वा आठवडा. दोन्ही टायरवर तारीख जवळजवळची हवी.