आई आजारी, नोकरी अमेरिकेत : आत्ता निघू की थांबू?

"राजीनामा टाइप करून ठेवलाय. पाठवायचा तेवढा बाकी आहे."

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आलेल्या व्हिडिओ कॉलवर पहिल्या पाच मिनिटांतच हे वाक्य आलं. बोलणारे अडतिशीतले सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळचे तासगाव भागातले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चार दिवसांपूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्यांच्या ६६ वर्षांच्या आईला अंडाशयाचा कर्करोग असल्याचं कळलं होतं. तिसरी स्टेज, उपचार मिरजेत. गावी वडील, द्राक्षबाग सांभाळणारा थोरला भाऊ आणि वहिनी. इकडे बायको, सात वर्षांचा मुलगा, नोकरीवर मिळणारा एच-वन-बी व्हिसा, आणि कंपनीत वर्षभरात कपातीच्या दोन फेऱ्या होऊन गेलेल्या.

आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या परदेशातल्या मुलामुलींकडून हा प्रश्न वारंवार येतो. आत्ता धावत गेलो आणि रजा संपली, तर खरी गरज पडेल तेव्हा काय करू? थांबलो आणि उशीर झाला तर? या दोन टोकांत माणूस इतका हेलकावे खातो की शेवटी राजीनामाच सोपा वाटायला लागतो. निदान काहीतरी ठरवल्यासारखं होतं.

पहिल्या भेटीत आम्ही एवढंच ठरवलं की तो मजकूर दोन आठवडे ड्राफ्टमध्येच राहील. कारण भावनेचं नाही, हिशेबाचं होतं. राजीनामा दिला की पगार जातो, कुटुंबाचा आरोग्य विमा जातो आणि एच-वन-बी ज्या मालकाच्या नावावर आहे तो आधारही जातो. नोकरी सुटल्यावर मिळणारी ६० दिवसांपर्यंतची सवलत अमेरिकेत राहणाऱ्यासाठी असते. भारतात येऊन बसलेल्याला तिचा काही उपयोग नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशात असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालेलं. म्हणजे गरज सहा-सात आठवड्यांची, आणि त्यासाठी दार कायमचं लावून घ्यायचं.

"पण आई तिकडे आणि मी इथे हिशेब करत बसलोय, हेच मला सहन होत नाही."

"आईंना तुम्ही कधी यायला हवंय, हे त्यांना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. भावाला विचारलं होतं. भाऊ म्हणाला होता, "बघ तुझं तू. इथं आम्ही हाय." या वाक्याचा अर्थ लावण्यात त्यांच्या दोन रात्री गेल्या होत्या.

दुसऱ्या भेटीच्या आधी त्यांना दोन कामं दिली. एक, आईला सरळ विचारायचं. दोन, डॉक्टरांना "सीरियस आहे का?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर "हो" असंच येतं आणि त्यातून काही ठरत नाही. विचारायचं ते असं: उपचारांचा क्रम काय, कोणत्या तारखेच्या आसपास काय होणार, कोणत्या दिवसांत रुग्णाजवळ चोवीस तास माणूस लागेल, आणि कोणती गोष्ट घडली तर तुम्ही मला "ताबडतोब निघा" म्हणाल?

उत्तरं आली आणि चित्रच बदललं. २१-२१ दिवसांनी केमोच्या तीन फेऱ्या, मग तीन-चार आठवड्यांनी शस्त्रक्रिया, मग पुन्हा तीन फेऱ्या. म्हणजे शस्त्रक्रिया ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. केमोचा दिवस स्वतः तेवढा अवघड नसतो. सलाइन लावून संध्याकाळपर्यंत घरी सोडतात. जपायचे दिवस त्यानंतरचे, साधारण सातवा ते चौदावा. तेव्हा पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिनची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते, रात्रीच रुग्णालय गाठायचं. तेव्हा प्रत्येक फेरीतल्या त्या आठवड्यात घरी गाडी आणि चालवणारा माणूस हवा. तो फ्रीमाँटहून आलेलाच असला पाहिजे असं नाही.

आणि आई म्हणाली होती, "आत्ता येऊन काय करणार हायस? माझं केस गळल्यालं बघायला? ऑपरेशनला ये."

त्यावर ते रडले आणि मग हसले. दोन महिने हातात आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं.

आता रजेकडे. इथे सगळ्यात मोठा घोळ असा होतो की लोक 'रजा' म्हणजे एकच गोष्ट समजतात. खुर्ची राखणारा कायदा वेगळा आणि पैसे देणारी योजना वेगळी. अमेरिकेचा १९९३चा कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायदा बारा महिन्यांत १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो आणि परतल्यावर तीच किंवा तोलामोलाची जागा. अटी तीन: कंपनीत किमान १२ महिने झालेले, मागच्या बारा महिन्यांत किमान १,२५० तास काम, आणि तुमच्या कामाच्या जागेपासून ७५ मैलांत कंपनीचे ५० कर्मचारी. एच-वन-बीवाल्यालाही हा लागू आहे. रुग्ण अमेरिकेत असण्याची अट नाही. रुग्ण परदेशात राहत असेल तर तिथल्याच डॉक्टरचं प्रमाणपत्र कंपनीला स्वीकारावं लागतं. हे मनुष्यबळ विभागातल्या पुष्कळांनाही माहीत नसतं, म्हणून ठामपणे सांगावं लागतं.

या कायद्यात आई-वडील येतात, सासू-सासरे येत नाहीत. भाऊ-बहीणही नाहीत. हे ऐकून शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आईचं काही झालं तर यांना रजा नाही?" कॅलिफोर्नियात मिळेल. तिथला राज्याचा कायदा पाच कर्मचाऱ्यांपासून लागू होतो आणि त्यात सासू-सासरे, भावंडं, आजी-आजोबा सगळे धरलेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं आधी बघा.

पैशाची बाजू राज्याच्या भत्ता देणाऱ्या कौटुंबिक रजा योजनेतून येते. पगारातून राज्य विम्याची जी कपात होते, ती यासाठीही असते. आठ आठवड्यांपर्यंत पगाराच्या ७० ते ९० टक्के, २०२५ साली आठवड्याला जास्तीत जास्त १,६८१ डॉलर. अर्ज रजेच्या पहिल्या दिवसापासून ४१ दिवसांच्या आत करायचा. अर्जात एक भाग रुग्णाने सही करायचा असतो आणि एक डॉक्टरने भरायचा. म्हणून कोरा अर्ज छापून बरोबर न्यायचा आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही सह्या घ्यायच्या. शस्त्रक्रियेनंतर आईला उठवून सही घेण्याची वेळ येऊ नये.

एच-वन-बीवाल्यांना आणखी एक भीती असते: बिनपगारी राहिलो तर व्हिसाचा नियम मोडेल का? आजारी नातेवाइकाच्या देखभालीसाठी कर्मचाऱ्याने स्वतःहून मागितलेल्या रजेत पगार न देण्याची मालकाला मुभा आहे. महत्त्वाचं ते 'स्वतःहून मागितलेल्या'. म्हणून विनंती तोंडी नको, ईमेलवर हवी, तारखांसकट.

साहेबांना काय लिहायचं यावर आमचा अर्धा तास गेला. त्यांचा पहिला मसुदा दीड पानाचा होता, त्यात चार वेळा माफी. शेवटी उरल्या चार ओळी: आईला गंभीर आजार आहे, ऑगस्टच्या मध्यापासून पाच आठवडे तिच्या देखभालीसाठी कौटुंबिक वैद्यकीय रजा हवी आहे, ऑक्टोबरमध्ये आणखी दोन आठवडे लागतील, कागदपत्रं कळवा. साहेबांना आजाराचं नाव सांगण्याचं बंधन नाही. आधी माहीत असलेल्या रजेची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते. अचानक उद्भवलं तर कळल्याच्या त्याच दिवशी किंवा कामाच्या पुढच्या दिवशी. त्यानंतर पात्र आहात की नाही हे कंपनीने कामाच्या पाच दिवसांत कळवायचं आणि प्रमाणपत्र आणायला किमान १५ दिवस द्यायचे.

प्रमाणपत्रात हमखास काय चुकतं? आपल्याकडचे डॉक्टर लेटरहेडवर एक ओळ लिहून देतात: रुग्ण आमच्याकडे उपचार घेत आहे. ते चालत नाही. आजार कधी सुरू झाला, किती काळ चालेल, रुग्णाला दुसऱ्याच्या देखभालीची गरज आहे का आणि साधारण किती दिवस, हे सगळं लागतं. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना हे सुचणार नाही. भावाच्या हाती छापील अर्ज द्यावा, नोंदणी क्रमांकाची जागा पेन्सिलीने खूण करून. अपुरं भरलं तर कंपनीने काय कमी आहे ते लेखी सांगून दुरुस्तीला सात दिवस द्यायचे असतात, तेव्हा एकदा नाकारलं म्हणून हाय खाऊ नये. दुसरी अडचण नावाची. रुग्णालयाच्या केसपेपरवर आईचं एक नाव आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर दुसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. नात्याचा पुरावा मागितला की तिथे गाडी अडते. आधार कार्डावरचं नावच केसपेपरवर घालून घेतलं की पुढचा त्रास वाचतो.

मग पासपोर्ट मागवला, कॅमेऱ्यासमोर. एच-वन-बीच्या मुदतवाढीचा कागद आला म्हणजे व्हिसा आहे असं ते धरून चालले होते. तो कागद अमेरिकेत राहण्यापुरता. बाहेर पडून परत शिरायला पासपोर्टमधला शिक्का चालू लागतो. त्यांचा सुदैवाने डिसेंबरपर्यंत होता, म्हणून भारतात येण्याच्या दोन्ही फेऱ्या त्याआधी बसवल्या. संपलेला असता तर भारतातल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय परतीचा दिवस सांगता आला नसता, आणि तातडीची तारीख मागता येते, ती मिळेलच असं धरून तिकीट काढू नये. अशा वेळी जायचंच नाही असं नव्हे. पण साहेबांना "पाच आठवड्यांत येतो" असं छातीठोक सांगायचं नाही.

"लॅपटॉप घेऊन जातो, रात्री काम करतो, म्हणजे रजा वाचेल," असा त्यांचा एक तोडगा होता. आमचं मत त्याविरुद्ध पडलं. कंपनीची लेखी परवानगी, कंपनीचा डेटा देशाबाहेर नेण्याचे नियम, कराची भानगड हे आहेच. पण खरा मुद्दा घड्याळाचा. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. तिथला दिवस म्हणजे तासगावची रात्र. रात्रभर मीटिंगा आणि दिवसा झोप, म्हणजे आईला बंद दार दिसणार. देखभालीची रजा घेऊन काम करत राहिलात तर भत्त्यातही घोळ होतो. घरी राहून करायचं ते वेगळं: फ्रीमाँटच्या रात्री नऊला इथे सकाळचे साडेनऊ असतात. आठवड्यातून दोनदा त्या वेळी फोन, रुग्णालयाची फाइल स्कॅन करून एका जागी, विम्याचा पाठपुरावा त्यांच्याकडे. हे त्यांनी चोख केलं.

हिशेब असा बसला. १२ आठवडे म्हणजे कामाचे ६० दिवस. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीपासून पाच आठवडे, म्हणजे २५ दिवस. पाचव्या केमोला दोन आठवडे, १० दिवस. उरले २५, ते राखीव. आणि कंपनीची १४ दिवसांची पगारी रजा होती, तिला हात लावायचा नाही.

का, हे बोलायला तिसरी भेट लागली. देखभालीची रजा रुग्ण जिवंत असेपर्यंतच असते. मृत्यू झाला की ती त्या दिवशी संपते. राज्याचा भत्ताही थांबतो. कॅलिफोर्नियात त्यानंतर शोकरजेचे पाच दिवस मिळतात. दहावा-तेरावा करून परतायचं तर पाच दिवसांत भागत नाही. ते १४ दिवस त्यासाठी.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी मनातलं विचारलं. "निरोप आल्यावर निघालो तर पोहोचेन का?"

सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबई आणि तिथून तासगाव, दाराला पाऊल लागेपर्यंत दीड दिवस धरायचा, तोही तिकीट लगेच मिळालं तर. म्हणजे कदाचित नाही पोहोचणार. याला खोटं उत्तर देऊन काही साधत नाही. त्याऐवजी दादाशी आजच बोलून ठेवता येतं: थांबायचं का, किती, शीतपेटीची सोय कुठे आहे, अग्नी कोण देणार. हे बोलणं अशुभ वाटतं, म्हणून घरोघरी टळतं, आणि मग विमानतळावर उभं राहून फोनवर भांडणं होतात. त्यांनी ते वडिलांना न सांगता भावाशी केलं. भाऊ म्हणाला, दोन दिवस थांबू. विषय दहा मिनिटांत संपला.

कपातीबद्दलही स्पष्ट बोलणं झालं. रजेवर आहे म्हणून काढता येत नाही. पण सगळ्या विभागातच कपात झाली तर रजा ढाल होत नाही. ती जोखीम फ्रीमाँटमध्ये बसूनही तेवढीच होती.

ऑगस्टमध्ये ते आले, शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरमध्ये परतले. त्या पाच आठवड्यांतलं त्यांना सर्वांत जड गेलेलं काम म्हणजे वहिनीच्या हातातली कामं काढून घेणं. दोन महिने तिने सगळं एकटीने रेटलेलं, आणि आलेला पाहुणा फाइल मागतो म्हटल्यावर तिला राग येणारच. आम्ही सुचवलं होतं की फाइल मागू नका, रात्रीचा जागता पहारा मागा. तो मिळाला.

परतायच्या आदल्या दिवशी भावाने पहिल्यांदा "बघ तुझं तू" म्हटलं नाही. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर होती. छाटणीनंतर फवारणीचे दिवस, पाऊस झाला तर डाउनी या बुरशीरोगाची धास्ती, बागेतून हलता येत नाही, आणि पाचवी केमो नेमकी त्याच पंधरवड्यात. तो म्हणाला, "दहा तारखेच्या आत ये. दवाखाना तू बघ, मी बाग बघतो."

नऊला पोहोचवणारं तिकीट काढलं.